बेस वाजला की दिवे का मंदावतात?

(गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे तरुण आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रांनो, रात्री रस्त्यावर अशी गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल, की आतल्या गाण्याचा बेस, म्हणजे खोल ठोका, धडकला की तिचे हेडलाइट क्षणभर मंद होतात. बघणाऱ्याला वाटतं, काय दणकट सिस्टीम आहे! मला मात्र काळजी वाटते. वीज पुरत नाही, हे ती गाडी सगळ्या रस्त्यासमोर ओरडून सांगत असते.

आधी थोडं गणित करू. स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर खरोखर 1000 वॅटचा आहे असं धरा. क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा चांगला अॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी साधारण 80 टक्के आवाजासाठी वापरतो, उरलेल्या विजेची उष्णता होते. म्हणजे त्याला 1250 वॅट द्यावे लागतात. गाडी चालू असताना 13.8 व्होल्ट धरले तर 90 अँपिअर झाले. जुन्या क्लास एबी जातीचा असेल तर आणखी कितीतरी जास्त. घरात 230 व्होल्टवर हेच 1250 वॅट साडेपाच अँपिअरमध्ये भागतात. गाडीत व्होल्ट कमी, म्हणून करंट प्रचंड, आणि आपली सगळी डोकेदुखी त्या करंटची आहे.

आता लहान हॅचबॅकचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, बघा. बहुतेकांवर 65 ते 90 अँपिअर लिहिलेलं असतं. तो आकडा इंजिन चांगलं फिरत असतानाचा. सिग्नलला गाडी उभी राहिली की त्याच्या निम्माच मिळतो, आणि त्यातूनच हेडलाइट, एसीचा पंखा, इंजिनचा कॉम्प्युटर, सगळ्यांना जेवू घालायचं. अल्टरनेटरला जे जमत नाही ते बॅटरी देते. बॅटरीचे व्होल्ट साडेबाराच्या आसपास असतात, म्हणून दिवे मंदावतात.

पण घाबरून लगेच मोठा अल्टरनेटर घेऊ नका. गाणं म्हणजे सतत पूर्ण ताकदीचा आवाज नव्हे. बेसचा ठोका पडतो, मग मोकळी जागा येते. सरासरी करंट कमालीच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी निघतो. म्हणून खऱ्या 500 वॅटपर्यंतच्या सिस्टीमला कंपनीचा अल्टरनेटर आणि बॅटरी बहुतेक वेळा पुरते. फक्त तारा नीट हव्यात.

‘खऱ्या’ या शब्दावर मी जोर देतोय. डब्यावर 3000 वॅट छापलेलं असतं, पण अॅम्प्लिफायरच्या बाजूचे फ्यूज बघा. 30 चे दोन असतील तर 60 अँपिअर. गुणिले 13.8, म्हणजे आत जाणारे झाले 828 वॅट. त्यातले 80 टक्के बाहेर, म्हणजे साधारण 660. डब्यावरचे 3000 कुठून येणार? गिऱ्हाईकाला हा हिशेब समोर बसून करून दाखवा. त्याचे पैसे वाचतात आणि तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

एक गोष्ट सांगतो. एक तरुण जुनी हॅचबॅक घेऊन आला होता. दिवे मंदावतात म्हणून त्याने आधी एक फॅरडचा कॅपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटकन देणारा डबा, बसवला, मग मोठी बॅटरी घेतली, तरी फरक शून्य. आता कॅपॅसिटरचं बघा. 14 व्होल्टवरून 12 वर येईपर्यंत एक फॅरड फक्त 26 ज्यूल देतो. 1250 वॅटच्या मागणीला ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपतात! बेसचा एक ठोकासुद्धा त्याहून लांब असतो. कमी पडणारा अल्टरनेटर त्याने कसा भरून निघेल?

मी मीटर लावला. इंजिन चालू, बेस चालू. बॅटरीवर 13.6 व्होल्ट, डिकीत अॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर 12.1. दीड व्होल्ट वाटेत हरवले होते. प्लसच्या बाजूने अर्धा व्होल्ट, आणि मायनसच्या बाजूने पूर्ण एक. अर्थची तार सीटबेल्टच्या बोल्टखाली, रंगावरच दाबलेली होती. सीटबेल्टचा बोल्ट माणसाचा जीव वाचवायला असतो, त्याला कधीही हात लावायचा नाही. दुसरी जागा निवडली, पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत धातू काढला, तारेच्या टोकाला नवा लग, म्हणजे धातूची कडी, दाबून बसवला, बोल्ट आवळला आणि वरून रंग मारून गंज अडवला. कोकणातल्या गाड्यांना हे शेवटचं पाऊल विसरू नका, खारट दमट हवा तो सांधा आतून खाते. मायनसच्या बाजूने हरवणारे व्होल्ट 0.1 वर आले. त्या मुलाने आधी खर्च केलेले पैसे आठवले की मला अजून वाईट वाटतं.

तारेचं गणितही तसंच सोपं. पाच मीटर, 16 स्क्वेअर मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार 90 अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट खाते. 50 ची घेतली तर फक्त 0.15 व्होल्ट. आणि बाजारात जी स्वस्त जाड तार मिळते, ती पुष्कळदा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते. तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, तांब्याच्या दीडपटीहून जास्त. टोक सोलून ब्लेडने खरवडा, आतून रुपेरी निघालं की समजा. टिन लावलेलं तांबंही वरून रुपेरी दिसतं, म्हणून खरवडल्याशिवाय ठरवू नका.

बॉनेटखाली तीन तारा वाढवायच्या: अल्टरनेटरपासून बॅटरीच्या प्लसला, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला. जुन्या तारा काढू नका, त्यांच्या जोडीला नव्या टाका. काम सुरू करण्याआधी मायनस सोडवा. 1000 वॅटच्या पुढे जायचं असेल तर त्यानंतर एजीएम, म्हणजे जास्त करंट देऊ शकणारी बंद बॅटरी, आणि मग जास्त क्षमतेचा अल्टरनेटर. तो फिरवणारा पट्टा घसरत असेल तर नवा अल्टरनेटरही वाया जातो.

आता फ्यूज. इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो अॅम्प्लिफायरसाठी नसतो, तारेसाठी असतो. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकात ग्रोमेट हे रबरी कडं नसेल तर पत्र्याची धार हळूहळू इन्सुलेशन कापते, आणि एक दिवस प्लस थेट बॉडीला लागतो. बॅटरी तेव्हा शेकडो अँपिअर ओतते आणि तार पेटते. फ्यूज असेल तर फक्त फ्यूज जातो. तो तारेच्या क्षमतेहून मोठा कधीच घालायचा नाही. अल्टरनेटरच्या नव्या तारेलाही फ्यूज हवा. डिकीत दुसरी बॅटरी बसवली तर त्या तारेच्या दोन्ही टोकांना, कारण वीज दोन्हीकडून येते.

व्होल्ट कमी पडल्याने आणखी एक नुकसान होतं. पुष्कळ अॅम्प्लिफायरमध्ये ताकद व्होल्टच्या वर्गाप्रमाणे घटते. 14.4 चे 11.5 झाले की एक तृतीयांशाहून जास्त ताकद गेली. मालक आवाज वाढवतो, अॅम्प्लिफायर लहरीचे शेंडे कापायला लागतो आणि स्पीकरची कॉइल जळते. दोष स्पीकरला दिला जातो.

नव्या गाड्यांत एक सापळा आहे. इंधन वाचवण्यासाठी त्यांचा कॉम्प्युटर अल्टरनेटर कमी-जास्त करतो. बॅटरीच्या मायनसवर छोटा सेन्सर असतो, तो आतबाहेर जाणारा करंट मोजतो. तुम्ही अॅम्प्लिफायरचा मायनस थेट बॅटरीच्या टर्मिनलवर जोडलात तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही, हिशेब चुकतो आणि बॅटरी अर्धपोटी राहते. मायनस सेन्सरच्या पलीकडे, बॉडीलाच जोडायचा. त्या गाड्यांत मधूनच साडेबारा व्होल्ट दिसले म्हणून अल्टरनेटर बिघडला असंही समजू नका.

बाहेर एक गाडी उभी केली आहे, बॉनेट उघडंच ठेवलंय. दोघांनी मल्टिमीटर घ्या, एकाने क्लॅम्प मीटर. आधी बॅटरीवर मोजू, मग डिकीत.