वय विचारू नका, तब्येत विचारा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ग्लायोब्लास्टोमाबद्दल. मेंदूचा हा फार झपाट्याने वाढणारा कॅन्सर पासष्टीपुढच्या माणसाला झाला, तर काय करायचं?

सिन्नरकडच्या एक आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. बचत गटाचा सगळा हिशेब त्यांच्याकडे. एकाएकी बेरजा चुकायला लागल्या, डाव्या हातातून ताट निसटायला लागलं. घरचे म्हणाले, वय झालं. गटातल्या बायका म्हणाल्या, "काकू बेरीज चुकणाऱ्यातल्या नाहीत," आणि त्यांनीच एसटीत बसवून त्यांना नाशिकला आणलं. एमआरआय झाला, गाठीचा तुकडा तपासला, निदान झालं. बाहेर बाकड्यावर मुलांचा वाद जुंपला. थोरला म्हणे, मुंबईला नेऊ, सगळं करू. धाकटा म्हणे, या वयात आईचे हाल नकोत. आईला मात्र कुणी काहीच सांगितलं नव्हतं. ही लपवाछपवी मला मुळीच पटत नाही.  

मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरी होईन का, बाई?"

"नाही आजी. पण वेळ मिळेल."

"खेपा किती?"

तरुणांना शेक, म्हणजे रेडिएशन, तीस, सहा आठवडे. पण कॅनडातल्या २००४ च्या अभ्यासात साठीपुढच्यांना पंधरा शेकांनीही तेवढंच आयुष्य मिळालं होतं. पंधरा, म्हणजे तीन आठवडे.

"मग पंधराच. तोवर सुनेला वही शिकवते."

आणि शिकवली. शेकाच्या रांगेत बसून, मांडीवर वही घेऊन. सून चुकली की तिथंच रागवायच्या.

शेकासोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या कॅप्सूल दिल्या, तर आणखी फायदा होतो. पासष्टीपुढच्यांवरच्या २०१७ च्या अभ्यासात दोन्ही घेतलेले निम्मे रुग्ण ९.३ महिन्यांपुढे जगले. नुसत्या शेकाने हाच आकडा ७.६ होता. एमजीएमटी हे जनुक या औषधाने केलेली इजा भरून काढतं; गाठीत ते बंद असेल, तर दोन्ही घेतलेल्यांचा आकडा १३.५. फार अशक्त माणसाला मात्र नुसत्या कॅप्सूल किंवा पाचच शेकही देता येतात. म्हणून पुन्हा सांगते, वय विचारू नका, तब्येत विचारा. चालतात का, जेवतात का, आणि त्यांना स्वतःला काय हवंय?

मेंदूची सूज उतरवायला स्टिरॉइड देतात, त्याने साखर चढते. मधुमेह असेल तर आधीच सांगा. आणि तुकडा तपासायला जाईल, तेव्हाच एमजीएमटीची तपासणी मागून घ्या.