ड्युटी संपल्यावरची दहा मिनिटं

नमस्कार श्रोतेहो. १०८ वरचे ड्रायव्हर आणि नर्स, आशाताई, नाक्यावरचे पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. आणि घरी तुमची वाट बघणाऱ्यांसाठीही.

साथीत पेशंटजवळ सगळेच सावध असतात. चूक होते ती दमल्यावर, किट म्हणजे मोजे, गाऊन, गॉगल, मास्क उतरवताना.

हातमोजे सगळ्यात मळलेले, म्हणून ते आधी. एका हाताचा मोजा मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरा, उलटा ओढून काढा आणि दुसऱ्या मुठीत धरा. मोकळ्या हाताचं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत, कातडीच्या बाजूने सारा आणि तोही उलटा काढा. पहिला त्याच्या पोटातच राहतो. सॅनिटायझर लावून वीस-तीस सेकंद हात चोळा. मग गाऊन, मग गॉगल. प्रत्येक वेळी हात पुन्हा. मास्क सर्वांत शेवटी, मोकळ्या हवेत, मागच्या पट्ट्यांना धरून. गरम होतंय म्हणून मास्क आधी काढला, तर पुढचं सगळं उघड्या नाकाने होतं.

एन-९५ मास्कची एक पट्टी डोक्याच्या वर, दुसरी कानांखालून मानेवर. दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडा. वारा डोळ्यांकडे आला तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबा. दाढीवर मास्क बसत नाही, तिथे इलाज वस्तऱ्याचाच. मास्कवर सॅनिटायझर मारू नका, तो धुऊही नका. कण पकडणारा विद्युतभार जातो. बेळगावकडच्या खानापूरच्या पावसात भिजलेला मास्क सरळ टाकून द्या.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरमागची खिडकी बंद, मागचा एक्झॉस्ट चालू. एसी लावलात तर बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबा. पेशंट उतरला की सगळी दारं उघडा, मग पुसा. ब्लीचिंग पावडर तीस टक्के क्लोरीनची असेल तर लिटरभर पाण्यात ३३ ग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण. पावडरीचं तोंड उघडं राहिलं की दमट हवेत तिचा जोर जातो. द्रावण रोज नवं करा. दहा मिनिटं ओलं राहू द्या, लोखंडावरून नंतर साधं पाणी फिरवा. संडास धुवायचं अ‍ॅसिड त्यात कधीच नको, विषारी वायू सुटतो. आणि ब्लीचिंगचं हे द्रावण माणसांवर फवारू नका. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच तसं बजावलं होतं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीसारख्या नाक्यावर गाडीच्या काचेतून आत वाकू नका. कागद बॉनेटवर ठेवायला सांगा आणि हात काठीला लावण्याआधी साफ करा. काठी आणि मोबाईल धुवायचं कुणाच्या ध्यानात नसतं.

आता घर. निघतानाच फोन करा: "पाणी तापत ठेवा, पोरांना आत घ्या." आपल्याकडच्या जुन्या घरांना परसदार असतं, त्याचा उपयोग करा. चपला बाहेर, परसातून थेट न्हाणीत. कपडे झटकू नका. साबणाच्या कढत पाण्यात बुडवा, स्वतः डोक्यावरून आंघोळ करा, मगच सोप्यात या.

वेगळी खोली नसेल तर खिडकीजवळची जागा तुमची. घरात म्हातारी माणसं असतील तर घरातही मास्क ठेवा आणि जेवण वेगळ्या वेळी घ्या. पावसात खिडक्या लावून घेण्याची आपली सवय इथे नडते. समोरासमोरच्या दोन तरी फटीभर उघड्या राहू द्यात. ताप, खोकला जाणवला तर ड्युटीवर जाऊ नका, अधिकाऱ्यांना कळवा. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला लावताना हात गरम हवेत आणि नखांना रंग नको. आकडा ९४ च्या खाली आला तर सकाळची वाट बघू नका.