स्लॅबचा ताप

(दृश्य : वाकड, हिवाळ्यातली पहाट. काल भरलेला स्लॅब, त्यातून वर आलेली एक बारीक वायर.)

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा रात्री 10 अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. काल दुपारी भरलेला हा स्लॅब वरून टणक दिसतो, त्यावर माणसं चालतायत. पण खालचा साचा सोडण्याएवढी ताकद त्यात आली आहे का, हे बुटाखाली कळत नाही.

हिंजवडी, वाकड, वाघोलीच्या उंच इमारतींत प्लायवूडच्या जागी ॲल्युमिनियमचे साचे आले आहेत. कंपनी कुठलीही असो, साइटवर त्यांना 'माइवान'च म्हणतात. यात विटकाम नाही, भिंती आणि स्लॅब एकदमच भरतात. पॅनलचं वजन चौरस मीटरला 20 ते 25 किलो, त्यामुळे क्रेन लागत नाही. पॅनल जोडणारे पिन-वेज (खिळी आणि पाचर) हातोड्याने सोडवायचे आणि स्लॅबमध्ये ठेवलेल्या चौकोनी भोकातून पॅनल हातोहात वर द्यायचे. सात-आठ दिवसांत मजला उभा राहतो. हे चक्र अडतं ते एकाच प्रश्नावर : साचा कधी सोडायचा?

काँक्रीट बांधकामाच्या आयएस 456 या भारतीय मानकात दिवस दिले आहेत. प्रॉप, म्हणजे स्लॅबखालचे टेकू, परत लावणार असाल, तर स्लॅबखालचा साचा 3 दिवसांनी काढता येतो. प्रॉप मात्र साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 7 दिवस आणि त्याहून मोठ्याला 14 दिवस ठेवायचे. पण हे आकडे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटचे आहेत आणि तापमान 15 अंशांखाली जात नाही असं धरून दिलेले आहेत. आपल्या काँक्रीटमध्ये फ्लाय ॲश (वीज केंद्रातली कोळशाची राख) असते, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असतो. दोन्ही सुरुवातीला संथ चालतात. त्यात ॲल्युमिनियम उष्णता पटकन बाहेर सोडतं. प्लायवूड पांघरुणासारखं काम करायचं, हे करत नाही.

(दृश्य : सळईला पट्टीने बांधलेला सेन्सर.)

म्हणून हा सेन्सर. दर अर्ध्या तासाला तो काँक्रीटचं तापमान नोंदवतो. काँक्रीट उबदार असेल तर ताकद लवकर येते, थंडीत उशिरा. म्हणून हिशोब सोपा आहे : तापमान गुणिले तास. शून्य अंश पाया धरला, तर सरासरी 30 अंशांवर 24 तासांत 720 अंश-तास भरतात. थंडीत सरासरी 18 वर आली, तर तेच 720 भरायला 40 तास लागतात. घड्याळात एकच दिवस उलटलेला असतो, पण काँक्रीटचं वय वेगळं असतं.

या अंश-तासांना ताकदीत बदलायला आधी तक्ता लागतो. त्याच मिक्सचे, म्हणजे त्याच मिश्रणाच्या काँक्रीटचे, 17 क्यूब (चाचणीचे ठोकळे) भरायचे. दोनांत सेन्सर ठेवायचे, उरलेले तीन-तीन करून 1, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी फोडायचे. त्यावरून जी रेषा येते, ती त्याच मिक्सची. सिमेंट बदललं, फ्लाय ॲश वाढवली, ॲडमिक्श्चर (मिसळायचं रसायन) बदललं, की रेषा बाद. इथेच सर्वांत मोठी चूक होते : प्लँटवर मिक्स बदलतं, साइटवर तक्ता जुनाच राहतो.

दुसरी चूक आरएमसीच्या (प्लँटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटच्या) गाडीपाशी होते. काँक्रीट घट्ट वाटलं म्हणून ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला जातो. पाण्याने ताकद उतरते, तापमान मात्र जवळपास तसंच राहतं आणि स्क्रीनवरचा आकडा छान दिसतो. सेन्सरला ताप कळतो, ताकद कळत नाही. त्यामुळे पहिला साचा सोडण्याआधी स्लॅबशेजारीच ठेवलेले क्यूब फोडून आकडा पडताळायचा. हे काम टाळण्याजोगं नाही, खाली माणसं काम करतात.

सेन्सर कुठे बांधायचा? जाड बीमच्या पोटात नको, तिथे उष्णता साठते आणि आकडा फुगतो. स्लॅबची कड, बाल्कनी आणि सर्वांत शेवटी भरलेला भाग, या जागा मागे राहतात. सेन्सर तिथेच हवा, स्लॅबच्या जाडीच्या मध्यावर, पॅनलला न टेकलेला. वायर व्हायब्रेटरच्या वाटेत आली, तर पहिल्या तासातच तुटते.

(दृश्य : पॅनल उतरतायत, प्रॉप जागचे हललेले नाहीत.)

आकडा भरला, क्यूबने होकार दिला, की पॅनल उतरतात. प्रॉप हलत नाहीत. साच्याची रचनाच तशी आहे, प्रॉपच्या डोक्यावरची पट्टी स्लॅबला चिकटून राहते आणि बाजूचे पॅनल निघतात. काही ठिकाणी सोय म्हणून प्रॉपही काढून पुन्हा ठोकतात. तेवढ्या वेळात कोवळा स्लॅब स्वतःच्या वजनाने वाकतो, आणि पडलेली चीर नंतरच्या प्रॉपने मिटत नाही.

प्रॉप काढायची वेळ येते तेव्हा दोन्ही टोकांना आधार असलेल्या स्लॅबखाली गाळ्याच्या मध्यापासून टोकांकडे जायचं. बाल्कनीला उलटं : मोकळ्या कडेपासून भिंतीकडे.