काळ्या गाळातले श्वास

उन्हाळ्यात पाणी ओसरले की भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांच्या कडेचा गाळ उघडा पडतो. त्यातले एक ओले ढेकूळ काढून आम्ही पाळीवर ठेवले आहे. वरचा पापुद्रा तपकिरी, जेमतेम नखाच्या जाडीचा. त्याखाली सगळे काळेशार, आणि वास कुजलेल्या अंड्याचा.

पाण्यातून झिरपणारा प्राणवायू त्या तपकिरी पापुद्र्यातच संपतो. खालचे सूक्ष्मजीव प्राणवायूऐवजी कुणी नायट्रेट, कुणी लोखंडाचा गंज, तर कुणी सल्फेट वापरून श्वास घेतात. सल्फेट वापरणारे हायड्रोजन सल्फाइड सोडतात; वास त्याचाच, आणि लोखंडाशी त्याचा संयोग होऊन आलेला रंगही त्याचाच.

उथळ समुद्रकिनाऱ्यांच्या तळाशीही थरांचा हाच क्रम असतो, आणि तिथल्या चमचाभर गाळात अब्जावधी सूक्ष्मजीव नांदतात. खेकडे आणि समुद्रकृमी बिळे करतात, तेव्हा बिळांच्या भिंतींलगत प्राणवायू खोलवर पोहोचतो आणि थरांची घडी विस्कटते. पण खरा फरक पाण्याचा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, म्हणून तिथे कुजण्याचे बरेचसे काम सल्फेटवर जगणारे जिवाणू उरकतात, आणि खोल थरात तयार झालेला मिथेन वर येईपर्यंत बहुतांशी खाल्ला जातो. आपल्या गोड्या पाण्यात सल्फेट थोडे, ते लवकर सरते आणि मिथेन बनवणाऱ्या जिवांना रान मोकळे मिळते. ढिवर जाळे घेऊन पाण्यात उतरतो तेव्हा त्याच्या पावलागणिक उठणारे बुडबुडे मुख्यतः या मिथेनचेच असतात.

या गाळात प्राणवायू वर आणि अन्न खाली, ही मोठीच अडचण आहे. तिच्यावरचा एक विलक्षण तोडगा २०१२ साली डेन्मार्कच्या आर्हुस उपसागराच्या गाळात सापडला. हजारो पेशी एकापुढे एक जोडून झालेला हा जिवाणू सेंटीमीटरभर लांबीचा धागा असतो. खालच्या पेशी सल्फाइडमधून इलेक्ट्रॉन काढतात, ते धाग्यातून विजेसारखे वर वाहतात, आणि वरच्या पेशी ते प्राणवायूला देतात. खालच्या पेशींचा श्वास वरच्या पेशी घेतात, याहून नेमके दुसरे वर्णन आम्हाला सुचत नाही.

पाळीवरचे ढेकूळ आता हवा लागून बाहेरून तपकिरी झाले आहे. ते मधोमध फोडले, तर आत अजून काळेच आहे, आणि वासही तोच.