दहाव्या खंडावरचा राग: 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' आणि त्याचे वाचक

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आधीच सांगून ठेवतो: आज 'द व्हील ऑफ टाइम' या इंग्रजी कल्पनारम्य कादंबरीमालिकेतली बरीच गुपितं फुटणार आहेत. ज्यांचं वाचन दहाव्या खंडापर्यंत पोहोचलेलं नाही, त्यांनी खुशाल बाहेर चहाला जावं.

रॉबर्ट जॉर्डनचा हा दहावा खंड, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', जानेवारी 2003मध्ये आला. खपाच्या याद्यांत तो वर चढला आणि त्याच वेळी मालिकेतला सर्वांत नावडता खंड ठरला. तक्रार एकाच वाक्यात यायची: 'यात काही घडतच नाही.' वाचकांचा राग खरा होता, पण निदान अर्धवट होतं. घटना कमी होत्या, हे दुय्यम. लेखकानं घड्याळ मागे फिरवलं, हे मूळ दुखणं.

आधी तारखा पाहू, कारण त्यांच्याशिवाय या रागाचं माप कळत नाही. पहिला खंड जानेवारी 1990चा. 1994 संपायच्या आत सहा खंड आले होते, आणि वाचकाला त्या वेगाची सवय लागली. मग सातवा 1996मध्ये, आठवा 1998मध्ये, नववा नोव्हेंबर 2000मध्ये. नवव्यापासून दहाव्यापर्यंत सव्वीस महिने. दहाव्यानंतर अकराव्यासाठी ऑक्टोबर 2005 उजाडलं, आणि मधे 2004मध्ये हाती आलं ते पूर्वकथेचं पुस्तक. म्हणजे वाट पुढची पाहायची आणि मिळायचं मागचं.

आता पात्रांच्या पातळीवर या. सातव्या खंडाच्या शेवटी मॅट या प्रमुख पात्रावर भिंत कोसळते. आठव्या खंडात तो कुठेच नाही. तो जिवंत आहे की नाही, हे कळायला 2000 उजाडावं लागलं. पेरिन या दुसऱ्या प्रमुख पात्राच्या बायकोला शाईदो टोळीवाले पळवून नेतात ते आठव्याच्या शेवटी, 1998मध्ये, आणि ती सुटते अकराव्यात, 2005मध्ये. कथेत तो काळ काही आठवड्यांचा आहे, वाचकाच्या आयुष्यात सात वर्षांचा. शाळेत असताना जिचं अपहरण वाचलं, तिची सुटका नोकरीला लागल्यावर वाचणारी माणसं आहेत. अशा वाचकाला 'जरा धीर धर' म्हणण्यात काय अर्थ?

नवव्या खंडाच्या शेवटी कथानायक रँड आणि त्याची साथीदार नायनीव्ह मिळून सैदिनवरचा डाग धुऊन काढतात. सैदिन म्हणजे पुरुषांना वापरता येणारी शक्ती. हजारो वर्षं ती विटाळलेली होती, म्हणून तिला हात लावणारा पुरुष वेडा व्हायचा. मालिकेतली ही सर्वांत मोठी उलथापालथ. साहजिकच दहावा खंड उघडताना वाचकाच्या मनात एकच प्रश्न: आता पुढे काय?

आणि जॉर्डन काय करतो? बाकीची मंडळी त्याच सुमारास कुठे काय करत होती, ते सांगायला बसतो. एकेक धागा साधारण त्या दिवसापाशी आणून भिडवतो. दूर कुठेतरी शक्तीचा प्रचंड वणवा पेटल्यासारखं राजगादीसाठी झगडणाऱ्या इलेनला जाणवतं, व्हाईट टॉवर या शक्ती वापरणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेविरुद्ध उभ्या राहिलेल्या एग्वेनच्या छावणीतल्या बायकांना जाणवतं, आणि तो कशाचा ते कुणालाच कळत नाही. वाचकाला मात्र दोन वर्षांपासून ठाऊक आहे. वाचकाला माहीत आणि पात्राला माहीत नाही, ही युक्ती एकदा रंगते. चार ठिकाणी तीच वापरली की वाचक पात्रांवर खेकसायला लागतो. पुढे खुद्द जॉर्डननंही मान्य केलं की हा रचनेचा प्रयोग त्याच्या मनासारखा साधला नाही.

त्यात मांडणीनं भर घातली. पुस्तकात तीस प्रकरणं आहेत, शिवाय लांबलचक पूर्वरंग आणि उपसंहार. पहिली तीन प्रकरणं मॅटची. त्यानंतर तो भेटतो थेट अठ्ठाविसाव्यात. पाचव्यापासून नवव्यापर्यंत पेरिन, दहाव्यापासून पंधराव्यापर्यंत इलेन, मग एग्वेन. आणि ज्याच्यासाठी वाचक आला तो रँड? त्याच्या वाट्याला मुख्यतः चोविसावं प्रकरण आणि उपसंहार. इलेनच्या आंघोळीची अजूनही थट्टा होते. ती आंघोळ लांब आहे म्हणून नव्हे, रँडच्या जागी ती आली म्हणून.

पण 'काही घडत नाही' हे विधान पुस्तक उघडून तपासलं तर टिकत नाही. पेरिन बायकोचा ठावठिकाणा काढण्यासाठी एका शाईदो कैद्याचा हात कुऱ्हाडीनं तोडतो, आणि नंतर तीच कुऱ्हाड टाकून देतो. कुऱ्हाड की हातोडा, हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या खंडापासून चालत आलेला. तो इथे सुटतो. सो हाबर गावात धान्याला सोंडे लागलेत आणि रस्त्यांवरून मेलेली माणसं फिरतात. काळोखाच्या स्वामीची पकड जगावर घट्ट होतेय, हे लढाईविना दाखवणारा हा भाग मला मालिकेतल्या उत्तम भागांत मोजावासा वाटतो. एग्वेन टार व्हॅलन या व्हाईट टॉवरच्या शहराच्या बंदराची साखळी कधीच न तुटणाऱ्या पदार्थात बदलायला जाते आणि पकडली जाते. पुढच्या दोन खंडांतली तिची सगळी कहाणी या एका रात्रीवर उभी आहे. उपसंहारात निरोप येतो की तहासाठी रँडनं 'नऊ चंद्रांच्या कन्ये'ला, म्हणजे शत्रू साम्राज्याच्या वारसदार राजकन्येला, भेटावं. ती कन्या तर तिकडे मॅटच्या ताब्यात, फिरत्या सर्कशीबरोबर! हा विनोद 2003च्या वाचकाला हसवू शकला नाही, कारण पुढचं पान उलटायला त्याच्याकडे पुस्तकच नव्हतं.

याच्या शेजारी जॉर्ज मार्टिनचा 'अ फीस्ट फॉर क्रोज' ठेवा. तो 2005चा. तिथेही निम्मी आवडती पात्रं गायब, आणि ती परतली 2011मध्ये. पण मार्टिननं कथा प्रदेशानुसार कापली होती. त्यामुळे पुढचा खंड आल्यावर वाचकांनी दोन्ही पुस्तकांतली प्रकरणं काळानुसार एकमेकांत गुंफून वाचनक्रम तयार केले आणि ते बऱ्यापैकी चालतात. जॉर्डनच्या बाबतीत हा उपाय लागू पडत नाही. दहाव्यातली प्रकरणं नवव्याच्या शेवटाआधी घातली तर तो वणवा आधीच दिसतो आणि नवव्याचा कळस बोथट होतो. नंतर ठेवली तर पुन्हा तेच घड्याळ मागे.

करता येतं ते एवढंच. वाचनगटानं नववा, दहावा आणि अकरावा हे तीन खंड सलग धरावेत, मधे महिना जाऊ देऊ नये. दहाव्यात पेरिनची 5 ते 9 ही प्रकरणं झाली की सरळ 25 ते 27 वाचावीत. इलेनशी त्यांचा काही संबंध नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. पूर्वरंग मात्र गाळू नये. सेनापती इटुराल्डे पहिल्यांदा तिथेच भेटतो, आणि तो गाळला तर पुढे हा कोण म्हणून पानं मागे चाळावी लागतात.

प्रतिक्रिया वाचतानाही तारीख पाहा. 2003 ते 2005मधला अभिप्राय हा वाट पाहणाऱ्याचा. 2013मध्ये चौदावा खंड येऊन मालिका पूर्ण झाल्यावरचा अभिप्राय हा सलग वाचणाऱ्याचा, आणि त्यात 'ऐकलं होतं तेवढं वाईट नाही' असा सूर बराच सापडतो. मात्र पहिल्या गटाला चुकीचं ठरवायला दुसऱ्याची साक्ष काढू नये. रचनेतला दोष दोघांनाही जाणवतो. फक्त एकाला त्याची किंमत वर्षांत मोजावी लागली आणि दुसऱ्याला दुपारींत. तिसराही एक गट होता, तर्क लढवणाऱ्यांचा. पाचव्या खंडातला, 1993चा, अ‍ॅस्मोडियन या पात्राचा खून कुणी केला यावर ही मंडळी वर्षानुवर्षं भांडली, आणि उत्तर मिळालं 2010मध्ये, तेराव्या खंडाच्या शब्दसूचीत! या गटाला दहावा खंड तेव्हाही आवडला होता. व्हाईट टॉवरमधली काळ्या आजाहची (काळोखाच्या स्वामीला फितूर झालेल्या सदस्यांच्या छुप्या गटाची) गुप्त शोधाशोध, सभेत वयानं फारच लहान असलेल्या सदस्या का निवडल्या गेल्या, असं खाद्य त्यांना त्यात भरपूर मिळालं.

सप्टेंबर 2007मध्ये जॉर्डन गेला आणि उरलेली कथा त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं पूर्ण केली. 2009चा बारावा खंड वेगात धावतो. तेव्हा मंद गतीची तक्रार थांबली, आणि मॅटचे विनोद मॅटसारखे वाटत नाहीत ही नवी सुरू झाली.