चौथी चौकट

(दृश्य: वडोदरा, दांडिया बाजार. सकाळ. जुन्या घरातला झोपाळा.)

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. वर रेशनकार्ड, खाली आजोबांच्या पेन्शनचे कागद, आणि अगदी तळाशी हे घडीवर विरलेलं लसीकरणाचं कार्ड. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारासमोर तीन चौकटी, तीन तारखा. प्रत्येकीत लशीच्या कुपीवरचं लेबल काढून चिकटवलेलं. डिंक पिवळा पडलाय.

"बघ, तिन्ही दिलेत," आई म्हणते. "पावसातसुद्धा रिक्षा करून गेले होते."

मुलगी आता वीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वॉर्डात ड्यूटी लागण्याआधी रक्त तपासलं. अँटीबॉडीचा टायटर, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांचं रक्तातलं प्रमाण, आला 4. हवा होता निदान 10. आईचा प्रश्न सरळ आहे: मग ती तीन इंजेक्शनं गेली कुठे?

गेली नाहीत. लस टोचल्यावर शरीर दोन कामं करतं. रक्तात अँटीबॉडी सोडतं, आणि विषाणूची ओळख काही पेशींत जपून ठेवतं. अँटीबॉडी वर्षागणिक उतरत जातात. तान्हेपणी लस घेतलेल्या पुष्कळ मुलांचा टायटर विशीपर्यंत 10 च्या खाली येतो. ओळख मात्र बहुतेकांत टिकते. आणि इथे या विषाणूचा संथपणा आपल्या पथ्यावर पडतो. तो शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण दोन ते पाच महिने जातात. तेवढ्या अवधीत जुन्या पेशी जाग्या होतात आणि नव्या अँटीबॉडी तयार करतात.

म्हणूनच लशीचा कोर्स पूर्ण झालेल्या धडधाकट माणसानं सरसकट बूस्टर घ्यावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात टायटर कमी दिसला आणि घरभर घबराट झाली, हे उगाचच.

(दृश्य: दोन हात. सुई, सलाइनची नळी, सुया टाकायचा पांढरा डबा.)

पण हिचं तसं नाही. हिला रोज दुसऱ्याच्या रक्ताजवळ काम करायचंय. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई, लस न घेतलेल्या हाताला टोचली, तर शंभरात सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण हजारात तीन. वाळलेल्या रक्ताच्या डागातही हा विषाणू सात दिवस जिवंत राहतो. आणि गुजरातला सुईची भीती काही ऐकीव नाही. 2009 साली मोडाशाच्या परिसरात वापरलेल्याच सुया पुन्हा वापरल्या गेल्या, हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि माणसं दगावली.

वर्गातल्या सगळ्यांच्या घरी असा डबा नाही. सरकारी कार्यक्रमात ही लस देशभर पोचली ती 2011-12 मध्ये. त्याआधी जन्मलेल्या बऱ्याच मुलांना ती खासगी डॉक्टरकडे, पदरचे पैसे मोडून घ्यावी लागली. काहींना मिळालीच नाही. त्यामुळे कार्ड नसलेल्या मुलीचा 4 आणि हिचा 4, आकडा एकच, पण अर्थ एकच असेल असं नाही. एकीची लस विरलेली असेल, दुसरीला कधी टोचलीच नसेल. आणि लस घेऊनही ज्यांच्यात अँटीबॉडी उठतच नाहीत, असेही थोडे लोक असतात.

यावर उपाय साधा आहे. एक डोस द्यायचा आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. ओळख शिल्लक असेल तर टायटर एकदम उसळतो. नाही उसळला, तर उरलेले दोन डोस घेऊन कोर्स पुरा करायचा आणि परत तपासायचं. एकदा 10 च्या वर गेल्याची नोंद हातात आली की धडधाकट नर्सला पुढे दरवर्षी तपासत बसायची गरज नाही. डायलिसिसवरच्या रुग्णाचं मात्र वेगळं. त्याचा टायटर वर्षाकाठी पाहावाच लागतो आणि 10 च्या खाली गेला की बूस्टर द्यावा लागतो.

डोस दंडातच घ्यायचा. कमरेला घेतला तर चरबीत अडकून लस नीट लागू पडत नाही. हे हिनं आईला दोनदा समजावलं. आईला अजून पटलेलं नाही. "आमच्या वेळी सगळी कमरेलाच देत."

(दृश्य: सहा आठवड्यांनंतर. तोच झोपाळा.)

नवा रिपोर्ट आलाय. आकडा तीन अंकी. आई डबा उघडते, कार्ड काढते, आणि थांबते. कार्डावर चौकटी तीनच छापल्यात. मग ती पेन घेते, पट्टी शोधत नाही, समासात हातानंच चौथी चौकट काढते. जरा वाकडीच.