गुण झाका, मग गार्ड पाहा

मंडळी, एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) ड्राफ्टला, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, येणारा गुण काढणारा तरुण गार्ड (रिंगपासून दूर, चेंडू हाताळत खेळणारा खेळाडू) तपासायला बसाल, तेव्हा आकडेवारीतला पहिला रकाना, म्हणजे सरासरी गुण, आधी हाताने झाकून ठेवा. असं का म्हणतो, ते दोन नावं समोर ठेवून सांगतो. २००८-०९ मध्ये अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक सरासरी डेव्हिडसन कॉलेजच्या स्टीफन करीची होती, सामन्याला २८.६ गुण. २०१०-११ मध्ये तो मान ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या जिमर फ्रेडेटकडे गेला, २८.९ गुण. उंची जवळजवळ सारखी, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) दोघांचेही नव्वद टक्क्यांच्या आसपास, नेम दोघांचाही लांबचा. करी २००९ च्या ड्राफ्टमध्ये सातवा गेला, फ्रेडेट २०११ मध्ये दहावा. करीने एनबीएच्या खेळाची आखणीच बदलून टाकली. फ्रेडेटचा करार सॅक्रामेंटोने तिसऱ्याच हंगामात संपवला. गुणांच्या रकान्यात हा फरक शोधून सापडत नाही.

तो कुठे सापडतो? करीच्या शून्य गुणांच्या सामन्यात. नोव्हेंबर २००८ मध्ये मेरीलँडच्या लॉयोला संघाने त्याच्यावर दोन खेळाडू लावले, ते चेंडू कुठेही असो, त्याला सोडायचेच नाहीत. करी जाऊन कोपऱ्यात उभा राहिला. सगळ्या सामन्यात तीन शॉट घेतले, एकही गेला नाही. उरलेल्या कोर्टवर त्याचे चौघे तिघांविरुद्ध खेळले आणि डेव्हिडसन ७८-४८ ने जिंकलं. त्याच महिन्यात ओक्लाहोमाविरुद्ध त्याने ४४ गुण काढले होते आणि तो सामना डेव्हिडसन हरलं होतं. स्काउटच्या, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्याच्या, वहीत माझ्या मते ४४ वाल्या सामन्याला एक ओळ पुरे, शून्यवाल्याला अख्खं पान द्यावं. प्रतिस्पर्धी त्याला किती घाबरतात आणि ती भीती तो संघाच्या कामी आणतो का, हे दोन्ही त्यात दिसतं.

म्हणून चित्रफीत पहिल्यांदा बघताना चेंडूकडे बघूच नका. चेंडू दुसऱ्याकडे असताना आपला गार्ड काय करतो तेवढंच टिपा. उभा राहतो, की स्क्रीनभोवती, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याभोवती, पळत राहतो? त्याचा बचावपटू मदतीला आत सरकतो, की त्याला चिकटून राहतो? करी कॉलेजची पहिली दोन वर्षं दुसऱ्या पॉइंट गार्डच्या (खेळ चालवणाऱ्या गार्डच्या) जोडीला असा चेंडूशिवाय पळत खेळला आणि तिसऱ्या वर्षी चेंडू हातात घेतला. फ्रेडेटचे गुण मुख्यतः चेंडू स्वतःकडे ठेवून, ड्रिबल करत (जमिनीवर आपटत नेत) आलेले होते. व्यावसायिक संघात नवख्याच्या हातात तेवढा वेळ चेंडू कोणी देत नाही.

आता शॉट. कॉलेजच्या तीन गुणांच्या, म्हणजे रेषेबाहेरून घेतलेल्या, शॉटच्या टक्केवारीवर फार विसंबू नका. १४० प्रयत्नांत ५७ शॉट गेले तर ती ४१ टक्के होते. त्यातले सहा कडेला लागून बाहेर पडले असते तर ३६. एवढा फरक निव्वळ नशिबाने पडू शकतो. त्यापेक्षा फ्री थ्रोची टक्केवारी जास्त खरं बोलते, कारण तिथे अंतर, वेळ आणि बचाव बदलत नाही, फक्त हात दिसतो. तीन गुणांच्या रेषेचंही भान ठेवा. करीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजची रेषा २० फूट ९ इंचांवर होती, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंच. तीन फूट मागे गेल्यावर पायातून जोर येतो की खांद्यातून, हे लगेच कळतं.

चुकलेले शॉट मोजताना नुसती फुली मारू नका, चेंडू कुठे लागला ते लिहा. रिंगच्या पुढच्या कडेला वारंवार लागत असेल, विशेषतः सामन्याच्या शेवटी, तर पाय थकलेत. ते व्यायामाने सुधारतं. डावी-उजवीकडे जात असेल तर कोपर किंवा मार्गदर्शक हाताचा (चेंडूला नुसता आधार देणाऱ्या हाताचा) अंगठा बिघडवतोय. ते सुधारायला वर्ष लागू शकतं आणि कधी कधी सुधारतच नाही. रिकाम्या जिममध्ये शंभरातले ऐंशी टाकून दाखवणारा मुलगा बघून भुलू नका. त्याला कोर्टच्या चार खेपा पळवा, मग स्क्रीनवरून वळत, चेंडू गुडघ्याजवळ आलेला असताना शॉट घ्यायला लावा.

पिक अँड रोलमध्ये (सहकारी स्क्रीन लावून मग रिंगकडे वळतो त्या चालीत) प्रत्येक बचावाचे निदान वीस-वीस प्रसंग वेगळे काढा. बचावातला उंच खेळाडू मागे थांबला तर मधल्या अंतरावरचा शॉट किंवा फ्लोटर (आत शिरताना उंच उडवलेला हलका शॉट) आहे का? दोघे अंगावर आले तर चेंडू वेळेत सुटतो का? बचावपटूंनी अदलाबदल करून उंच माणूस समोर आला तर पहिल्या पावलात त्याला मागे टाकतो का? डावीकडे जाताना काय होतं ते वेगळं लिहा. पलीकडच्या कोपऱ्यात जाणारा लांब पास हवेत तरंगत असेल तर एनबीएचे लांब हात तो पळवणार. एक गोष्ट मात्र गार्डच्या बाजूने मोजा: कॉलेजमध्ये बचावपटू रिंगखाली ठाण मांडून बसू शकतो, एनबीएत बचावाच्या तीन सेकंदांच्या नियमामुळे तशी मुभा नाही. कॉलेजात आत घुसून अडखळणाऱ्याला तिथे थोडी मोकळी वाट मिळते.

उंची अनवाणी मोजलेलीच धरा आणि हातांचा पसारा तिच्या शेजारी लिहा. २०१७ मध्ये तेरावा गेलेला डॉनव्हन मिचेल अनवाणी सहा फूट सव्वा इंचाच्या आसपास, पण पसारा ६ फूट १० इंच. करीचा पसारा ६ फूट साडेतीन इंच. बचावात हा फरक रोज जाणवतो, कारण एनबीएत संघ कमकुवत गार्ड हेरून, तो ज्याला अडवतोय त्यालाच पुन्हापुन्हा स्क्रीन लावायला पाठवतात. तुमचा गार्ड स्क्रीनच्या वरून निघतो की तिथेच अडकतो? कॉलेजचा संघ त्याला झोन बचावात (माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावात) लपवत असेल, तर त्याच्या बचावाबद्दल काही कळलंच नाही असं स्पष्ट लिहा.

‘दिसलं नाही’ आणि ‘जमत नाही’ यांची गल्लत सर्वात महाग पडते. डेव्हिन बुकर केंटकीत २०१४-१५ चा अख्खा हंगाम राखीव म्हणून उतरला, सरासरी १० गुण, असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) जेमतेम एक. तिथे त्याचं काम होतं पळून येऊन शॉट घेणं. पास द्यायला सांगितलंच नव्हतं. तो तेरावा गेला, वय १८. दोन वर्षांत, मार्च २०१७ मध्ये, बुकरने बॉस्टनविरुद्ध ७० गुण काढले. वयाचा रकाना म्हणूनच मोठ्या अक्षरात हवा. १८ व्या वर्षीचे १० गुण आणि फ्रेडेटचे २२ व्या वर्षीचे २८.९ एका तराजूत घालता येत नाहीत.

छोट्या कॉलेजचा मुलगा असेल तर बलाढ्य संघांविरुद्धचे चार-पाच सामने बाजूला काढा आणि शॉटची टक्केवारी नव्हे, शॉटचा दर्जा तपासा. डेमियन लिलार्ड वेबर स्टेटसारख्या लहान विद्यापीठातून २०१२ मध्ये सहावा गेला आणि पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. अशा मुलाच्या चित्रफितीत बघायचं ते हे: समोरचा बचावपटू तगडा असताना शॉटआधीची मोकळी जागा तो स्वतःच्या ड्रिबलने करतो, की जागा मिळेल म्हणून वाट बघतो.